नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पडलेला फरक कसा मोजावा
मोजणीची सुरुवात शस्त्रक्रियेपूर्वीच करावी, कारण आधीचे गुण नोंदलेले नसतील तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशीच करता येत नाही. नाकाचा पडदा सरळ करायचा असेल तर 'नोज' प्रश्नावली वापरावी: नाक चोंदणे, नाक बंद होणे, श्वासाला त्रास, झोपेतील अडचण आणि श्रम करताना अपुरा पडणारा श्वास या ५ बाबींना रुग्णाने ० ते ४ गुण द्यावेत व बेरजेला ५ ने गुणावे, १०० म्हणजे सर्वाधिक त्रास. जुनाट सायनसच्या विकारासाठी 'स्नॉट-२२' ही नाक व सायनसच्या त्रासाविषयीची २२ प्रश्नांची प्रश्नावली अधिक योग्य. सूज ओसरल्यावर, साधारण ३ आणि ६ महिन्यांनी, तीच प्रश्नावली रुग्णाने स्वतः, शक्यतो डॉक्टर समोर नसताना भरावी, म्हणजे संकोचाने उत्तरे सौम्य होणार नाहीत. यंत्राने मोजलेला हवेचा प्रवाह आणि रुग्णाची जाणीव अनेकदा जुळत नाहीत. अशा वेळी रुग्णाचे म्हणणेच अधिक गांभीर्याने घ्यावे.