शुगर असलेल्या माणसाला डोळे दाखवायला नेताना

‘सुगी झाल्यावर बघू, मोतीबिंदू पिकू द्या’ असं आपल्याकडे अजून सर्रास म्हणतात. घरातल्या माणसाला शुगर असेल तर तेवढं थांबू नका. डोळ्यातलं भिंग पार पांढरं झालं की मागचा पडदा डॉक्टरांना नीट दिसत नाही. शुगरने पडदाही खराब होतो आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याची सूज वाढू शकते. म्हणून पडदा आधी तपासून घ्या.

नव्या चष्म्याची मात्र घाई नको. भिंगात साखर शिरायला इन्सुलिन लागत नाही. रक्तात वाढली की तिथेही वाढते. तिचं सॉर्बिटॉल होतं, ते सहजी बाहेर पडत नाही आणि पाणी ओढून घेतं. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. एखाद्या आजोबांना एकाएकी चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला की घरचे खूश होतात. अशा वेळी आधी शुगर तपासा. उलट, औषध सुरू होऊन शुगर झपाट्याने उतरली की काही दिवस जवळचं पुसट दिसतं. मग ‘गोळ्यांनीच डोळे गेले’ म्हणून गोळ्या सोडतात, ते कृपा करून करू देऊ नका. शुगर स्थिर होऊन ४ ते ६ आठवडे गेले की मगच नंबर काढा.

जालन्याच्या गणपती नेत्रालयात जा, संभाजीनगरला घाटी दवाखान्यात जा किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, पिशवीत जुनी फाइल, सध्याचा चष्मा, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घ्या. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर ऑपरेशनच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिने बाहुलीभोवतीचा रंगीत भाग सैल पडतो. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही. उपाशीपोटी बोलावलं असेल तर त्या सकाळी इन्सुलिन किती घ्यायचं, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

नुसत्या तपासणीला उपाशी नेऊ नका. रांगेत दुपार होते. भाकरीचा डबा हवा, आणि शुगर फार उतरून हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच तोंडात टाकायला साखर. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, ऊन सोसत नाही. मोटारसायकल दुसऱ्या कुणीतरी चालवावी. आणि निघण्याआधी पडद्याच्या पुढच्या तपासणीची तारीख फाइलवर लिहून घ्या, दिसायला काही त्रास नसला तरी.