देव प्रेमळ आहे, मग एवढं दुःख का? असा प्रश्न पडला की काय करायचं

सगळ्यात आधी, प्रश्न दाबून टाकू नका. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, कोणी असं विचारलं की लगेच म्हणतात तुझा विश्वास कमी पडला, अन् तो माणूस गप्प होतो, मग हळूहळू उपासनेलाही येईना होतो. अहो, बायबलमधलं स्तोत्र १३ उघडून बघा, दावीद राजा देवाला सरळ विचारतोय की अजून किती दिवस मला विसरणारेस. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाहीच. तरी ते बायबलमधे आहे.

तर रात्री १३ वं स्तोत्र मोठ्यानं वाचा, सहाच ओव्या आहेत, अन् मग आपल्या बोलीत बोला. देवबापा, सोयाबीन पाण्यात गेलं, आईचं ऑपरेशन तोंडावर आलंय, तू कुठंयस? पाचव्या ओवीतला भरवसा त्या दिवशी तोंडातून निघत नसेल तर दुसरीवरच थांबा, चालतं.

दुसरं म्हणजे कोणाच्या दुःखात पाप शोधत बसू नका. योहान ९ मधे आंधळ्याला बघून शिष्य विचारतात पाप कोणाचं, याचं का आईबापाचं, येशू म्हणतो कोणाचंच नाही. लूक १३ मधे शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तिथंही तो म्हणतो ते काही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी लेकरं झोपेतच गेली त्यांचं काय पाप होतं?

पण माणसाचा वाटा किती हे मात्र जरूर बघा. भूकंप माणसानं केला नाही, पण दगडमातीच्या जड भिंती अंगावर पडल्या म्हणून माणसं जास्त मेली. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पाऊस नव्हता हे खरंच, पण जमिनीतलं पाणी कोणी अन् कशासाठी उपसलं हेही विचारायला पाहिजे. जे आपल्या हातात होतं ते देवाच्या माथी मारायचं नाही.

एवढं करूनही उरतंच. कॅन्सर झालेलं लहान लेकरू, त्याला कोणाचा वाटा लावणार? इथं मला तरी पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. बायबलमधल्या ईयोबाची लेकरं अन् सगळं धन गेलं, त्यालाही कारण सांगितलं नाही, देव भेटला एवढंच. आपला विश्वास कारणावर नाही तर वधस्तंभावर उभा आहे, तिथं देवाचा पुत्र स्वतःच ओरडला की माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी तो रडला. दुरून बघणारा देव असता तर मी कधीच सोडला असता.

आता ज्यांच्या घरी दुःख झालंय तिथं जाताना. "देवाची योजना असंल" हे वाक्य बोलूच नका, हात जोडून सांगते. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरोबर होते, बोलायला लागले अन् शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. सतरंजीवर बसा, पिठलं भाकरी घेऊन जा, मृत्यूचा दाखला काढायला, बँकेत जायला सोबत जा. दफनविधीनंतर चार दिवस गर्दी असते, महिन्याभरानं कोणी फिरकत नाही, तेव्हा परत जा, अन् त्यांनी विचारलंच की देवानं असं का केलं, तर माहीत नाही म्हणा आणि बसून राहा.