शाकाहारी घरातलं औषधांचं बिल आटोक्यात कसं आणावं

पुण्यात सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे अंडंसुद्धा येत नाही आणि तरीही दर महिन्याला साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पिशवी येते. ‘आम्ही तर पहिल्यापासून शाकाहारी’ असं त्या घरांत हमखास सांगतात. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चहाबरोबर खारी, रात्री भाताच्या ढिगावर पळीभर वरण. यात मांसाचा कण नाही हे खरं, पण डाळ, पालेभाजी आणि फळंही नावालाच आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेनुसार देशातल्या एकूण आजारभारापैकी 56.4 टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे. ताटातली प्रमाणं बदलून या खर्चाला कुठे हात घालता येतो, ते पाहू.

1. आधी वही काढा

मागच्या तीन महिन्यांची औषधांची, तपासण्यांची आणि डॉक्टरांच्या फीची बिलं जमवा. त्यांचे दोन ढीग करा: दर महिन्याला ठरलेला खर्च आणि अचानक उद्भवलेला. आहाराचा परिणाम दिसला तर तो पहिल्या ढिगावर दिसेल. शेजारच्या पानावर किराणा, भाजी आणि बाहेरचं खाणं लिहा. फरसाण, बेकरी आणि घरपोच मागवलेलं जेवण यांची बेरीज वेगळी करा. बदलाचे पैसे बहुतेक घरांत तिथूनच निघतात.

2. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ताट बदलू नका

हे कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी अचानक वाढवू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी आणि फळं किती खायची हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवतील. ‘कमी सोडियमचं मीठ’ अशांनी परस्पर आणू नये, कारण त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनीही ते विचारूनच घ्यावं.

त्याच भेटीत एचबीए1सी (साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि बी12 जीवनसत्त्व यांपैकी कोणत्या तपासण्या हव्यात ते विचारा. औषधाचं जेनेरिक, म्हणजे ब्रँडचं नव्हे तर मूळ घटकाचं, नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि स्वस्त जेनेरिक औषधं विकणाऱ्या सरकारी जनऔषधी केंद्रात भाव पाहा. ही बचत पहिल्याच महिन्यात दिसते, आहाराला वेळ लागतो.

3. किराण्याची यादी उलटी करा

याच मार्गदर्शिकेतल्या 2000 कॅलरींच्या नमुना ताटात माणशी रोज 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 35 ग्रॅम दाणे-तेलबिया, 27 ग्रॅम तेल-तूप आणि 300 मिलिलिटर दूध-दही धरलं आहे. चार मोठ्या माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब केला तर डाळी-कडधान्यं सुमारे 10 किलो होतात आणि तेल-तूप मिळून जेमतेम साडेतीन लिटर. आता स्वतःच्या यादीकडे पाहा. डाळ चार किलो आणि तेलाचा पाच लिटरचा डबा, हे चित्र फार घरांत सापडेल.

एकदम दहा किलोवर उडी मारलीत तर पोटात गॅस आणि घरात भांडण, दोन्ही ठरलेलं. पहिल्या महिन्यात दोन किलो वाढवा. फक्त तूर घेत बसू नका. हरभरा आणि वाटाणा बहुधा तुरीपेक्षा स्वस्त मिळतात. मटकी, चवळी, मसूर आणि हुलगे आलटून पालटून आणा. साठवायला जागा असेल तर दोन-तीन घरांनी मिळून गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जावं. गव्हाच्या निम्म्या पोळ्यांच्या जागी ज्वारी-बाजरीची भाकरी आली तर उत्तम, पण तीही मोजूनच. भाकरीमुळे साखर वाढतच नाही ही निव्वळ समजूत आहे.

भाजीसाठी मंडई किंवा जवळचा शेतकरी आठवडे बाजार बघा. संध्याकाळी उशिरा गेलात तर पालेभाजीचे भाव बरेचदा उतरलेले असतात. माणशी 400 ग्रॅम म्हणजे चौघांना रोज दीड किलोहून जास्त, हा आकडा ऐकून दचकायला होतं. म्हणून हंगाम पकडा: हिवाळ्यात मेथी, चाकवत, गाजर, मुळा, एरवी दुधी, भोपळा, कोबी, शेवगा. पावसाळ्यात पालेभाजी महागली की फळभाज्यांवर या. किन्वा, बदामाचं दूध आणि परदेशी बेरी यांची गरज नाही. अशा वस्तूंनीच हा आहार महाग असल्याची अफवा पसरवली आहे.

4. कडधान्यांची पाळी लावा

कडधान्यं मागे पडतात ती भिजवायची राहून जातात म्हणून. रविवारी आणि बुधवारी रात्री दोन प्रकार भिजवा. मटकी आणि मूग मोड आणून फ्रीजमध्ये ठेवा, हरभरा-चवळी शिजवून ठेवा. भिजवण्याने आणि मोड येण्याने लोह-जस्त अडवून ठेवणारं फायटेट हे द्रव्य कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त जास्त शोषलं जातं. उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासभर तरी लांबवा. चहा लोहाच्या आड येतो.

उसळीची फोडणी दोन चमच्यांत होते. मिसळीसारखा तेलाचा तवंग आला की हिशेब बिघडला. मिसळ खाऊ नका असं पुण्यात सांगण्याचं धाडस माझ्यात नाही. महिन्यातून एकदा, पावाचा दुसरा जोड न मागता खा. कारळ्याची, जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी ताटात असली की लोणचं-पापड आपोआप मागे सरतात. मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि पापड, लोणचं, फरसाण त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतात.

5. बी12 विसरू नका

वनस्पतींतून बी12 भरवशाने मिळत नाही आणि मधुमेहाची नेहमीची मेटफॉर्मिन गोळी ते आणखी कमी करू शकते. हा प्रश्न पुण्याला नवा नाही. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. त्यात अनेक गरोदर स्त्रियांमध्ये बी12 ची कमतरता आढळली. दूध-दही घेणाऱ्यांनीही तपासून घ्यावं आणि दूधही सोडणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून पूरक गोळी ठरवून टाकावी. पायाला मुंग्या येईपर्यंत थांबलात, तर वाचवलेले पैसे मज्जातंतूंच्या उपचारात जातील.

6. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा

एचबीए1सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, म्हणून त्याआधी तपासण्यात पैसे घालवू नका. रक्तदाब मात्र घरीच, आठवड्यातून दोन-तीनदा मोजून वहीत लिहा. आकडे सुधारले तर डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. आपणहून गोळी अर्धी करणं ही बचत नव्हे. काहींचे डोस उतरतील, काहींचे आहेत तेवढेच राहतील. आनुवंशिकता, वय आणि झोप यांचंही त्यात देणंघेणं असतं.

7. उरलेल्या पैशाचं काय करावं

त्यातून आधी आरोग्य विम्याचा हप्ता भरा. डेंगी आणि सिंहगड रस्त्यावरचे खड्डे भाकरी-उसळ खाणाऱ्यालाही सोडत नाहीत. रेशन कार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आपल्याला काय मिळतं आणि जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे आजारी पडायच्या आत विचारून त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.