गुलाब नव्या फुटीवर फुलतो: घरच्या रोपाची निगा कशी राखावी

आणलं तेव्हा रोपावर चार-पाच कळ्या होत्या, त्या छान फुलल्या आणि त्यानंतर सहा महिने नुसती पानंच. गुलाब लावणाऱ्यांकडून ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. बहुतेकांनी पाणी घातलेलं असतं, खत घातलेलं असतं. कात्री मात्र लावलेली नसते. वर्षभर पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या आजच्या गुलाबांची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. जुनी फांदी तशीच ठेवली, तर रोप वाढतं, पण फुलं कमी आणि लहान होत जातात. त्यामुळे गुलाबाची सगळी निगा या एका प्रश्नाशी येऊन थांबते: नवी, जोमदार फूट कशी मिळेल?

जागा आणि माती

रोज किमान पाच ते सहा तास थेट ऊन मिळायला हवं, शक्यतो सकाळचं. रात्रीचं दव सकाळच्या उन्हानं लवकर सुकतं आणि बुरशीला संधी मिळत नाही. जिथे एवढं ऊन येत नाही, तिथे गुलाबाचा हट्ट धरू नये. सावलीची कसर खतानं भरून निघत नाही.

कुंडी निदान बारा इंच रुंद आणि तेवढीच खोल घ्या. तळाची भोकं मोकळी आहेत ना, ते पाहा. दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं मिश्रण पुरतं. गुलाबाला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू (pH) ६ ते ६.५ च्या आसपास. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर अनेकदा माती अल्कधर्मी झालेली असते आणि मुळांना लोह घेता येत नाही.

लावताना खोडाचा तळ नीट पाहा. तिथे एक गाठ दिसेल. जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे नवी फूट जिथून येते तो बारीक उंचवटा, बसवून कलम करतात, ती ही जागा. उबदार हवेत ही गाठ मातीच्या जरा वर राहू द्या. जिथे बर्फ पडतो, तिथे मात्र ती दोन इंच मातीखाली घेतात, म्हणजे थंडीत कलम जगतं.

पाणी आणि खत

पाण्याला वेळापत्रक लावू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत पाणी द्या, ओलं लागलं तर राहू द्या. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली की आपण घाबरून आणखी पाणी घालतो, पण बऱ्याचदा मुळं आधीच पाण्यानं गुदमरलेली असतात. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको.

महिन्यातून एकदा वरची माती हलकेच मोकळी करून दोन मुठी गांडूळखत पसरा. खत नेहमी ओल्या मातीत द्यावं, कोरड्या मातीत रासायनिक खत पडलं तर मुळं करपतात. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कळ्या रुसतात. अंड्याच्या टरफलांवर फार भिस्त ठेवू नका, ती कुजायला फार वेळ घेतात. चहाचा चोथा घालायचाच असेल, तर दूध-साखर पूर्ण धुऊन, वाळवून घाला, नाहीतर मुंग्या येतात.

छाटणी

इथेच हात थरथरतो. स्वतः वाढवलेली फांदी कापायची, हे जिवावर येतं. पण गुलाब छाटणीनं मरत नाही. तो मरतो तो बोथट कात्रीनं चिरडलेल्या खोडातून शिरणाऱ्या बुरशीनं. म्हणून कात्री धारदार हवी, आणि एका रोपावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटनं पुसून घ्या.

मोठी छाटणी वर्षातून एकदा: उबदार प्रदेशात पावसाळा संपताच, कडक थंडीच्या प्रदेशात हिवाळा सरता सरता, डोळे फुगू लागले की. आधी सुकलेल्या, काळ्या पडलेल्या फांद्या काढा. मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या, आणि एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी कमजोर असेल ती. तीन ते पाच सशक्त फांद्या उरू द्या आणि त्यांची उंची एक तृतीयांश ते निम्म्यानं कमी करा. नुकतंच लावलेलं रोप असेल, तर पहिल्या वर्षी हात आखडता घ्या.

आता काप नेमका कुठे घ्यायचा? फांदीवर पान जिथे फुटलेलं असतं, त्याच्या बेचक्यात एक लालसर, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान उंचवटा असतो. तो डोळा. झुडपाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या विरुद्ध दिशेला उतरता तिरका काप घ्या. म्हणजे नवी फूट बाहेर जाते, झुडूप मधून मोकळं राहतं आणि वारा खेळतो. कापलेलं टोक बघा. आतला गाभा पांढरट असेल तर काम झालं. तपकिरी दिसला, तर फांदी आतून मरत चालली आहे. पांढरा गाभा लागेपर्यंत एकेक डोळा खाली उतरत कापत जा.

वर्षातून एकदाच बहरणारे काही जुने गुलाब आणि वेली मात्र गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावरच करा, आधी केली तर त्या वर्षाची फुलं जातात.

एका गोष्टीनं मी माझं एक चांगलं रोप गमावलं. बुंध्यातून एक सरळसोट, टवटवीत फुटवा आला, मी कौतुकानं वाढू दिला. तो कलमाच्या गाठीखालून, म्हणजे जंगली खुंटातून आलेला होता. त्यानं सगळी ताकद ओढून घेतली आणि वरचं कलम वाळून गेलं. एका देठावर सात पानं असलेला फुटवा जंगली, असं म्हणतात, पण चांगल्या जातींनाही सात पानं येतात. तो गाठीच्या वरून आलाय की खालून, एवढंच पाहा. खालचा असेल तर माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा. नुसता कापलात तर पुन्हा फुटतो.

फूट आल्यावर

कोवळ्या शेंड्यांवर मावा ही बारीक कीड हमखास येते. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं झाडून टाका. तेवढ्यानं गेली नाही, तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. पानांवर काळे ठिपके आले, तर ती पानं, गळून पडलेलीसुद्धा, उचलून बागेबाहेर टाका. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की ही बुरशी धरते, म्हणून संध्याकाळी पानं भिजवणं टाळा. फवारणी त्यामुळेच उन्हं कलताच उरका, अंधार पडण्याआधी पानं सुकायला हवीत.

छाटणीनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुलं येतात. कोमेजलेलं फूल देठाशी खुडू नका, खाली पाच पानांचा पहिला सशक्त संच गाठा आणि त्याच्या डोळ्यावर कापा. तिथूनच पुढची कळी येईल.