बॅग गळते? प्लेट फेकण्याआधी उलटी करून बघा

नानांची इलिओस्टोमी झाली, म्हणजे ऑपरेशन करून लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलं. या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि मळ त्यातून पोटावर लावलेल्या बॅगमध्ये जमतो. त्यानंतर पहिले दोन महिने आमच्या घरात एकच विषय होता: बॅग गळली. रात्री अडीचला चादर बदलायची आणि सकाळी मेडिकलमध्ये जाऊन विचारायचं, "यापेक्षा चांगली आहे का हो?" असं करत तीन कंपन्या झाल्या. गळणं काही थांबेना. बॅग कातडीला धरून ठेवणारी, मधे स्टोमासाठी भोक असलेली चिकट चकती म्हणजे प्लेट. काढलेली प्लेट आम्ही नाक दाबून, न बघता कागदात गुंडाळायचो. स्टोमा नर्सकडे गेलो तेव्हा तिने तीच प्लेट मागितली, उलटी करून ट्यूबलाइटखाली धरली आणि म्हणाली, "काका, खुर्चीत बसा बरं." नाना बसले, तशी बेंबीकडून स्टोमापर्यंत एक घडी पडली. प्लेटवर मळाचा ओघळ नेमका तिथेच होता. आडवं झोपवून प्लेट लावणाऱ्या आम्हाला ती घडी कधी दिसलीच नव्हती.

म्हणून पहिली चूक हीच: पाठ न वाचता प्लेट टाकणे. काढण्याआधी डोक्याकडच्या कडेला पेनाने खूण करा, कारण उलटी केल्यावर डावं-उजवं बदलतं. मग बघा. भोकाभोवती सगळीकडून सारखी, पांढरट फुगलेली पातळ कड असेल तर ठीक आहे. प्लेटच्या पाठीवरचा डिंक ओल पितो, फुगतो, त्याचं कामच ते. हे फुगणं एकाच बाजूला जिभेसारखं बाहेर गेलं असेल, तर तिथे घडी, खड्डा किंवा जुना व्रण आहे. सगळीकडूनच कडेपर्यंत विरघळलं असेल, तर प्लेट जास्त दिवस ठेवली. दोन-तीन वेळच्या प्लेटांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नर्सला दहा मिनिटं सांगून कळत नाही ते त्यात दिसतं.

डिंक म्हटलं ते उगाच नाही. आजच्या प्लेटमध्ये पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोज असं मिश्रण असतं. पण 1950च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीच्या कातडीसाठी कराया डिंक वापरात आणला. हा डिंक आपल्याकडच्या कांडोळाचा, सह्याद्रीत उन्हाळ्यात पांढऱ्या खोडाने भुतासारखा उभा दिसतो ना, त्या झाडाचा. कवळी बसवायला तो वापरतच असत. ओल्या जागी चिकटून राहतो, हा त्याचा गुण. त्याच सुमारास, 1954 साली, डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन या नर्सने बहिणीसाठी कातडीला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. थोरा नावाची ही बहीण गळतीच्या भीतीने घराबाहेर पडत नव्हती. बॅगची रचना आजही त्याच दोन गोष्टींवर उभी आहे: ओल पिणारा डिंक आणि कातडीशी सलग बसलेली कड. आपण घरी ज्या चुका करतो त्या या दोहोंपैकी एकाला बाधतात.

सगळ्यात महाग पडते ती भोकाची चूक. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आकसतो. आम्ही मात्र हॉस्पिटलातून मिळालेला कागदी साचा तीन महिने वापरत होतो. स्टोमा लहान झाला, भोक तेवढंच राहिलं, आणि मधली उघडी कातडी पाचक रसात भिजत राहिली. इलिओस्टोमीचा मळ पातळ असतो आणि त्यातली पाचक द्रव्यं कातडीही सोडत नाहीत. दोन दिवसांत ती लालभडक, चुरचुरणारी होते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजा, नंतर वजन कमी-जास्त झालं की मोजा. स्टोमा गोल नसेल तर भोकही गोल नको.

आणखी एक चूक प्रेमापोटी होते: जास्त स्वच्छता. डेटॉल, स्पिरिट, लहान बाळाचे ओले वाइप्स, आणि आईचं खोबरेल. कातडी लाल दिसली की तिचा हात बाटलीकडे जायचाच. पण तेलकट कातडीवर प्लेट धरत नाही, मॉइश्चरायझरवाल्या साबणाचंही तसंच. कोमट साधं पाणी आणि मऊ सुती फडकं पुरतं. पुसताना स्टोमाला रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका, तो तोंडाच्या आतल्या भागासारखाच नाजूक असतो. कातडी टिपून पूर्ण कोरडी करा. केस असतील तर ट्रिमर फिरवा. रेझरने केसांच्या मुळाशी फोड येतात. कातडी ओलसर, सोललेली असेल तरच स्टोमा पावडर भुरभुरवा आणि जादाची झटका. पावडरचा थर राहिला तर प्लेट कातडीला न चिकटता पावडरला चिकटते.

प्लेटखाली लावायची स्टोमा पेस्ट म्हणजे फेव्हिकॉल नव्हे. नाव फसवं आहे, त्यात बिचाऱ्या पेशंटचा काय दोष! ती भिंतीच्या पुट्टीसारखी खड्डा भरायला असते, जितकी जास्त लावाल तितकी पकड कमी. नानांच्या घडीत आता तिची एक बारीक पट्टी जाते, बस. प्लेट बसवल्यावर तळहात एक-दोन मिनिटं दाबून ठेवा, उबेने डिंक मऊ होऊन बसतो. काढताना वरून खाली, एका हाताने कातडी दाबत सोडवा, ओरबाडू नका.

टू-पीस बॅगची, म्हणजे प्लेट आणि बॅग वेगळी असून रिंगने जोडायची असते तिची, सोय अशी की प्लेट न काढता बॅग सुटते, स्टोमा दिसतो, पुसता येतो. तिथे चूक होते ती रिंग वरून दाबण्यात. खालून सुरुवात करून गोल फिरत दाबा, मग हलकेच ओढून बघा. स्टोमा पोटाच्या पातळीला किंवा आत असेल तर फुगीर प्लेट लागते, पण ती शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आणू नका, चुकीच्या पोटावर ती कातडीला काच पाडते. बॅगला आधार देणारा कमरेचा बेल्ट लावत असाल तर तो स्टोमाच्याच रेषेत हवा आणि त्याखाली दोन बोटं जायला हवीत.

बॅग एक-तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. भरलेल्या बॅगचं वजन प्लेटला खाली खेचतं. हवा भरली म्हणून टाचणीने भोक पाडणारे आहेत, ते पुढे दिवसभर वासाशी झगडतात. आणि गळतीवर वरून चिकटपट्टी लावणं तर सोडाच. मळ प्लेटखाली कोंडून राहतो, कातडी आतल्या आत जळत राहते. गळली की बदला, मग मध्यरात्र असली तरी.

या सगळ्याच्या पलीकडची लक्षणं असली तर बॅगमध्ये दोष शोधत बसू नका. स्टोमा जांभळा-काळा पडला, इलिओस्टोमीतून काही तास काहीच बाहेर न येता पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा उलट पाण्यासारखं सतत वाहायला लागून लघवी कमी झाली, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

बदलायची वेळ आमच्याकडे सकाळची, चहाच्या आधी, तेव्हा स्टोमा सगळ्यात शांत असतो. आधी चहा का नाही, हे नानांना अजून पटलेलं नाही. ते खुर्चीत बसतात, मी घडी बघते, पट्टी भरते, मग ते उभे राहून पोट ताणतात आणि प्लेट लागते. आता चार दिवस जाते. मे महिन्यात घामाने तीनच.