न वाचणाऱ्याला पुस्तक द्यायचंय? मग हे बघा

पहिलं म्हणजे आपल्याला आवडलेलं पुस्तक देऊच नका. मी भाच्याला जाडजूड चरित्र दिलं होतं, त्यावर आता सेटटॉप बॉक्स ठेवलाय! लेकरू मोबाईलवर दिवसभर काय बघायलंय ते बघा, क्रिकेट, भुताच्या गोष्टी, ट्रॅक्टर काहीही, त्याच विषयातलं शंभरेक पानांचं, मोठ्या टाईपातलं घ्या. संभाजीनगरात औरंगपुऱ्यात गेलात तर दुकानात उभ्या उभ्या पहिलं पान वाचा, पुढं काय झालं असं वाटलं नाही तर ठेवून द्या गुपचूप. मोठ्या माणसाला रा. रं. बोराडेंची ‘पाचोळा’ चालेल, 1971 ची, बारकी कादंबरी अन् सगळी आपल्याकडच्या मराठवाडी बोलीत, त्यामुळं कुणीतरी समोर बसून सांगायलंय असंच वाटतं. अन् दिल्यावर आठवडाभर तरी “वाचलं का?” विचारू नका बरं.