वजन पुन्हा चढलं, आता उतरवायचं का? ठरवायच्या आधी एवढं करा

महालक्ष्म्यांच्या दिवशी पेटीतला हिरवा ब्लाउज काढला नं हात बाहीतच अडकला. उलटा करून पाहिला तर आत शिलाईच्या तीन रेघा, दोन उसवलेल्या, तिसरी चालू, पुढं कापडच नाही. 2020 च्या संक्रांतीला शिवला तेव्हा मी 61 किलोची होती, त्याच्या आधी 72, आणि आता 69. म्हणजे साडेपाच वर्षांत आठ किलो, महिन्याला सव्वाशे ग्रॅम पडतात, एवढं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एक दिवशी उठून पाहिलं नं वजन वाढलेलं, असं होत नाही बाप्पा, शिलाई उसवत उसवत येते ते.

तर पहिली गोष्ट, ज्या दिवशी ब्लाउज अडकला त्या दिवशी काही ठरवू नका. लग्नातला फोटो पाहून किंवा जाऊबाईनं टोमणा मारला म्हणून सोमवारपासून भात बंद, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलं आहे. दोन आठवडे नुसतं मोजा.

मोजायचं कसं तेही सांगते, कारण गावात काटा म्हणजे कापसाचा नाहीतर किराण्याचा. कोणताही चालतो, पण दरवेळी तोच पाहिजे, आधी शून्य दाखवते का पहायचं, चप्पल काढायची, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पाळी जवळ आली, की अंगात पाणी धरते आणि काटा एक-दोन किलो इकडचा तिकडं होतो, ती चरबी नसते. म्हणून एका दिवसाचा आकडा धरायचाच नाही. आमच्याकडं कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, मी त्यावर उभी राहिली तर सालदार म्हणते, "वहिनी, किती क्विंटल?" हसू द्या.

काट्याहून महत्त्वाचा टेप. शिंप्याकडचा साधा टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध लावा, श्वास सोडून मोजा, पोट आत ओढायचं नाही. बाया परकराच्या नाडीच्या जागी मोजतात, ती जागा खाली असते, आकडा चुकते. आपल्या लोकांसाठी बाईचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत आणि माणसाचा 90 च्या आत चांगला धरतात. माझा 93 आला. बीएमआयही काढा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, किलोला उंचीच्या मीटरनं दोनदा भागायचं. माझी उंची 1.55, तर 69 ला दोनदा भागून 28.7 येते. आपल्याकडं 23 च्या वर जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर लागते. आता गंमत पहा, मी 61 ची होती, गावभर "किती बारीक झाली" म्हणत होते, तेव्हाही माझा बीएमआय 25 च्या वरच होता. म्हणून जुनं वजन हेच टारगेट धरायचं असं काही नाही, ते कसं आलं होतं ते आठवायचं.

माझं कसं आलं होतं? तालुक्याला एक जण डब्यातली पावडर विकत होता, सकाळी पावडर, रात्री पावडर, मधात काकडी. चार महिन्यांत 11 किलो उतरले, आणि केस असे गळले की वेणी शेपटीएवढी राहिली. पैसे संपले, पावडर संपली, भूक मात्र दुप्पट होऊन परत आली. तेव्हा वाटलं मीच आळशी. मग कळलं की वजन उतरलं की शरीर जळण कमी करते, भूक लावणारं हार्मोन वाढते आणि पोट भरल्याचा निरोप देणारं कमी होते, आणि हे वर्षवर्षभर तसंच राहते. म्हणजे परत चढणं हा बाईचा गुन्हा नाही. पण कारण समजल्यावर वजन आपोआप उतरत नाही, तेही खरंच.

आता कागद-पेन घ्या, किंवा मोबाईलमधले जुने फोटो काढा, आणि वर्षावर्षानं लिहा की घरात काय बदललं. माझं असं निघालं: 2020 ला लॉकडाऊन, सगळे घरी, दिवसाला चार वेळ चहा नं भजे. 2021 ला स्कूटी आली, वावर दीड किलोमीटर, आधी पांदणीनं पायी जात होती. मग नळ अंगणात आला, विहिरीचं पाणी भरणं बंद. पोरगी नागपूरला शिकायला गेली तरी स्वयंपाक पाच जणांचाच, उरलेलं कोण खाते? मीच. टाकवत नाही नं! दोन चमचे भात, अर्धी पोळी, वरणाचा तळ, हे जेवणात मोजलंच नव्हतं कधी. अशी यादी झाली की समजते कोणती गोष्ट परत फिरवता येते. नळ तर मी बंद करणार नाही, विहिरीवर जाणार नाही. स्कूटी आठवड्यातून तीन दिवस घरी ठेवू शकते.

तिकडे तपासणीही करून घ्या, हे टाळू नका. गावच्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं तीस वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर फुकट पाहतात, आशाताईला विचारा. उपाशीपोटी शुगर 100 ते 125 म्हणजे उंबरठ्यावर, 126 नं वर दोनदा आली तर मधुमेह. बीपी 140/90 च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टर. थकवा, बद्धकोष्ठ, पाळीत गडबड असेल तर थायरॉईडची टीएसएच तपासा. स्टेरॉईड आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही वजन वाढते, पण स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, डॉक्टरलाच विचारायचं.

एवढं हातात आलं की मग बसा ठरवायला. लोकं म्हणतात एक तर उतरवा नाहीतर सोडून द्या. मला ते पटत नाही, मधला एक रस्ता आहे, आणि तो कोणी सांगत नाही: आहे तिथं थांबवायचं. महिन्याला सव्वाशे ग्रॅम चढत होते, ते बंद झाले तर तेही कमी काम नाही. रिपोर्ट साफ असतील, घेर थोडाच वर असेल, गुडघे कुरकुरत नसतील, तर वर्षभर फक्त थांबवून धरा.

शुगर उंबरठ्यावर आहे, बीपी आहे, लिव्हरवर चरबी निघाली, गुडघे निंदायला बसू देत नाहीत, झोपेत जोरात घोरता नं दिवसा डुलक्या, तर मात्र उतरवाच. पण किती? वजनाच्या शंभराला पाच. 69 चे साडेतीन किलो. एवढ्यानंही शुगर-बीपीत फरक पडते. मी 61 च्या नादी लागली नाही ते यामुळंच.

आणि काही वेळा उत्तर "सध्या नाही" असंच असते. पोटुशी असाल, लेकरू अंगावर पीत असेल, घरात मयत झाली असेल, टीबीची औषधं सुरू असतील, तर नाही. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर जेवण टाळून शुगर एकदम खाली जाते, म्हणून आधी डॉक्टर. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे घराण्यात चालत येणारा रक्ताचा आजार, बऱ्याच घरांत आहे, त्यांनी उपास, घाम काढणं, पाणी तोडणं असले उद्योग करूच नये, अंगात पाणी कमी पडलं की दुखणं उसळते. आणि काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, दवाखान्यात जा.

उतरवायचं ठरलं तरी लगेच सुरू नका करू, पंधरा दिवस ट्रायल घ्या. एकच कसोटी: हे मी दहा वर्षं करू शकते का? भाकर सोडणं जमणार नाही, मला तरी नाही. तीन कप चहात दोन-दोन चमचे साखर, म्हणजे रोजची तीसेक ग्रॅम, ती अर्धी करणं जमलं. तेलाचा हिशेब काढला तर डोळे उघडले, घरात चार माणसं आणि महिन्याला पाच किलो तेल! माणशी अर्धा-पाऊण किलोत भागते. आता फोडणीला पळीऐवजी चमचा. दुपारच्या जेवणात अंबाडीची किंवा चवळीची भाजी आधी, वरण वाटीभर, मग भाकर, भात शेवटी नं थोडा. उरलेलं अन्न म्हशीला. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं, खरं सांगते.

"आम्ही वावरात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला" हे मीही म्हणत होती. पण कापूस वेचताना वाकणं जास्त, चालणं कमी, आणि घरी येऊन भूकही तेवढीच लागते. भरभर चालणं वेगळं. एप्रिल-मे मध्ये पारा 45 ला जाते तेव्हा सकाळी साडेपाचलाच निघा नाहीतर राहू द्या. सुरुवात लगीनसराईत करू नका, दिवाळीच्या आठवड्यातही नको.

अजून एक, कोणाला सांगायचं ते ठरवा. आमच्याकडं बाई बारीक झाली की सासूबाई लगेच, "काऊन वं वाळली? जेवत नाही का? लोकं काय म्हनतीन?" गेल्या वेळी याच वाक्यानं मी रात्री दुसरी पोळी घ्यायला लागली होती. या वेळी सासूबाईला आधीच बीपीचा कागद दाखवला. वाचता येत नाही त्यांना, पण डॉक्टरचा शिक्का पाहून म्हणाल्या, "बरं बाई, कर तुझं."

माझं बीपी 142/92 निघालं, दुसऱ्यांदाही तसंच, शुगर 108. म्हणून मी उतरवायचं ठरवलं, साडेतीन किलो, होळीपर्यंत, महिन्याला अर्धा-पाऊण किलोच्या चालीनं. त्यानंतर वर्षभर फक्त धरून ठेवणं. दर रविवारी काटा, दर महिन्याच्या एक तारखेला टेप, दोन्ही आकडे कॅलेंडरवर. एक आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे, 71. तीन रविवार काटा त्याच्या वर राहिला तर वाट न पाहता पुन्हा कागद-पेन घेऊन बसायचं, काय बदललं ते लिहायला.